देवराईतले मधले सिकाडे

नागातानी, १० जुलै

चि. चिसे हिस,
अनेक आशीर्वाद. इथे उकाड्याने जीव नकोसा झालाय. कलिंगडं मात्र गोड निघाली.

तुझा अहवाल वाचला आणि जेवण गेलं नाही. आपल्या देवराईतला सिकाडा, उन्हाळाभर झाडावर किर्र ओरडणारा हा किडा, वेगळ्या जातीचा नाही म्हणे, डोंगराच्या अलीकडच्या-पलीकडच्या दोन जातींची सरमिसळ! सिकाडे टाचण्यात माझं आयुष्य गेलं. माझ्या पेटीत सगळे एकसारखे काळे आहेत. वेगळी जात ठरली तरच सरकार देवराई राखेल, नाहीतर गावसभा तिथे वाहनतळ करणार, हे तुला ठाऊक आहे. देवळाचा कारभारी मी, लोकांना काय तोंड दाखवू? अहवाल बदल. सरमिसळीला कोण विचारतो!

लोभ आहेच, सध्या रागाखाली दबलाय.
तोकुजोमामा

फुकुओका, १८ जुलै

ती. मामांस,
सा. न. वि. वि. एक कलिंगड इकडे धाडलं असतंत, तर मीही जरा गोड लिहिलं असतं.

तुमची पेटी एकसारखी का, सांगू? हिरवट अंगाचे, अधल्यामधल्या सुरात ओरडणारे सिकाडे तुम्ही बिघडलेले म्हणून कोंबड्यांना घालता. मामीनेच सांगितलं. मी जाळं घेऊन आले तेव्हा निम्म्याहून जास्त तसलेच सापडले. जनुकंही तेच सांगतात. देवराई मलाही हवी आहे, पण खोटं लिहून नको.

आणि सरमिसळीला कोण विचारतो, हे मला लिहिता? बाबा मनिलाचे म्हणून तुम्ही आईच्या लग्नाला आला नाहीत. मी अधलीमधलीच आहे, मामा. मलाही कोंबड्यांना घालायचं होतं का?

राग मावळला तर कळवा, माझा मावळलेला नाही.
चिसे

नागातानी, २ ऑगस्ट

चि. चिसे हिस,
अनेक आशीर्वाद. काल गावसभेत तुझा अहवाल मी स्वतः वाचला, एक शब्द न गाळता. दोन जाती एकमेकींत मिसळतात ती हीच जागा, म्हणून ती राखा, असं सांगितलं. सरपंच हसला. भेसळीच्या किड्याचं कौतुक तोकुजोच्याच घरात व्हायचं, म्हणाला. मी उठलो आणि भरसभेत त्याला सांगितलं, की माझ्या भाचीबद्दल बोलायचं तर आधी तोंड धुऊन ये. मग मला बाहेर काढलं. या वयात! ठराव झालाच. सोमवारी करवती येणार.

मी पहिल्या देवदाराखाली खुर्ची टाकून बसणार आहे. पोलीस आले तरी उठणार नाही. मामी वर डबा पोचवणार आहे. तू ये. येताना तुझ्या बाबांना घेऊन ये. त्यांची खुर्ची माझ्या शेजारी मांडतो.

मामा