आबांच्या गाडीचं वाकडं हँडल

रविवार संध्याकाळ, पिंप्राळा

आज पाना धरायचंसुद्धा जिवावर आलंय.

मी दुरुस्त केलेली मिनी बाइक बघायला ती बनवणारे आबा धुळ्याहून आले होते. एकेकाळी तिथल्या एका शेडमध्ये त्यांनी मोजक्याच मिनी बाइक बनवल्या. जुन्या फोटोंत प्रत्येकीचं हँडल जरासं डावीकडे झुकलेलं दिसतं. त्यातली जी मला बोदवडला मिळाली, तिचं हँडल मात्र आधीच्या मालकाने सरळ करून घेतलं होतं. ते मला खटकलं. फोटो समोर ठेवून मी ते पुन्हा वाकडं केलं. कितीदा कापलं, कितीदा वेल्डिंग केलं! का, तर गाडी मूळ होती तशीच हवी. कोणी सांगितलं होतं एवढं?

आबांनी टाकीवरून हात फिरवला, खुशीत हसले. मग हँडलपाशी आले आणि हसू गेलं.

"हाई अजून वाकडंच शे?"

"आबा, तुमच्या सगळ्याच गाड्यांना असं होतं ना?"

"मनी चूक शे ती, भाऊ. साचाच वाकडा व्हता. बठ्ठा लोक हसेत."

त्यांच्याच चुकीला सगळे लोक हसायचे, आणि मला वाटलं होतं, हँडल बघून शाबासकी देतील. ते खुर्चीत बसले. चहाचा कप बाजूला ठेवून हळूच विचारलं, "इतला सालमा कोनीच सरळ नही करं?"

आता हँडल परत कापायचं? की राहू द्यायचं? डोकं चालत नाही. पण इतक्या वर्षांत कोणीच सरळ केलं नाही का, हे विचारताना ते आशेने माझ्याकडे बघत होते, आणि आधीच्या मालकाचं नाव न काढता मी म्हणालो, "नाही आबा. कोणीच नाही."