घरचं नाव

मंगळवार, रात्र

शाळेच्या फाटकाशी आज एका अनोळखी माणसानं माझ्या लेकीला 'गोटी' अशी हाक मारली आणि ती धावत गेली. का नाही जाणार? 'घरचं नाव ज्याला ठाऊक, तो आपला माणूस,' हे मीच तिला शिकवलं.

तो माझ्या ब्लॉगचा वाचक निघाला. "ताई, घरातलं मस्त लिहून राहिल्या तुम्ही." मी हसले. हसले कशाला? गणवेशातला फोटो, गोटी हे नाव, सगळं मीच तर तिथे टाकलं होतं. चार कौतुकाच्या शब्दांसाठी!

घरी येऊन आधी ब्लॉगवरचे फोटो काढून टाकले, ब्लॉग बंद केला. पण नाव? ते परत कसं घेणार?

जेवताना म्हटलं, "कोणी गोटी म्हणून बोलावलं तरी जाऊ नको."

"मग तू बोलावलं तं येऊ का नको वं आई?"