‘सातेरी प्रसाद’ सुरक्षित

१८ ऑगस्ट २००८, ओरोस
मत्स्य खात्याचं वेबपान चाललं एकदाचं! देवबागची कुठली होडी बाहेर, कुठली परत, सगळं पडद्यावर. डेटाबेसातून ओळी काढायच्या, त्यांचं जेसन (पानाला वाचता येईल अशी यादी) करायचं, पान ते वाचून ठिपके लावतं. लाल म्हणजे समुद्रात, हिरवा म्हणजे परत. दादाची ‘सातेरी प्रसाद’ सकाळी लाल, दुपारी हिरवी. एकटीच टाळ्या वाजवत बसले.
सा. (आमचे साहेब, साताऱ्याकडचे) म्हणतात, "जेसनमध्ये होडी नावाने कशाला ठेवता मॅडम? नोंदणी नंबर घ्या." म्हटलं, सर, नंबर फक्त परवान्यावर. एका किनाऱ्यावर दोन होड्यांना एक नाव कोणी ठेवत नाही, एकीचं नशीब दुसरीला लागतं. हसले. घाटावरच्यांना काय कळणार समुद्रातलं.

२९ सप्टेंबर
वरून फर्मान. हेच पान आठवड्यात देवगड ते वेंगुर्ला सगळ्या बंदरांना. नवीन होड्या भरत सुटलोय डेटाबेसच्या टेबलात. कोड तेच, बघायला फुरसत कुणाला. जेवण म्हणजे वडापाव.

७ ऑक्टोबर
वयनी फोनवर सांगते, दादा घरी जेवून घोरतोय, आणि पडद्यावर लाल! क्लार्क नोंदी उशिरा करतो, दुसरं काय. त्याला झापलं. बिचारा म्हणतो, "मी केलेली गो." केलेली म्हणे.

२१ ऑक्टोबर
सकाळी स्वच्छ, अकरानंतर वारा सुटला तो असा की ऑफिसचे पत्रे वाजायला लागले. बंदरांवरून फोनवर फोन. दादा पहाटेच गेलाय, बरोबर दोघे खलाशी. मोबाइल लागत नाही. ठिपका लाल.
संध्याकाळी हिरवा! सातेरी प्रसाद, वेंगुर्ला बंदर, सुरक्षित. आई सातेरी, पावलीस गो! वारा पडला तसे वाडीतले होडी काढून शोधायला निघत होते. धावत फोन केला. "वयनी, दादा वेंगुर्ल्याक लागलो. पडद्यार दिसता." वयनी आधी रडली, मग हसली. आयेने निघालेल्यांना परत फिरवलं. मला म्हणते, "वेंगुर्ल्याक गेलोच हा तर काजू घेवन ये म्हणान सांग तेका."
शोधपथक लाल ठिपक्यांच्या होड्यांमागे गेलं.

२२ ऑक्टोबर
दादाचा फोन नाही. आये म्हणते, चार्जिंग संपलं असणार. मीच वेंगुर्ला बंदराला लावला. होय, ‘सातेरी प्रसाद’ आहे. मालक शिरोड्याचा.
शिरोड्याचा.
क्वेरी चालवली, टेबलात ते नाव शोधलं. ओळी दोन. जेसनमध्ये एक. नावाखाली ओळ ठेवते ना मी, त्याच नावाची दुसरी आली की पहिलीच्या जागी बसते. देवबागची आधी येते, शिरोड्याची तिच्यावर. दादाची ओळ टेबलात होती, ‘समुद्रात’ म्हणून होती, पडद्यावर आलीच नाही. त्या दिवशी क्लार्कला झापलं मी...
सा.ना सांगितलं. ओरडले नाहीत. ओरडायला हवं होतं. लगेच फोन उचलून होडी पाठवायला सांगितली. मधली रात्र गेली ती गेलीच.

२४ ऑक्टोबर
खलाशी नारू सापडला, डिझेलच्या कॅनला धरून. दुसऱ्याचा पत्ता नाही, दादाचाही नाही. हॉस्पिटलात गेले. नारू माझ्याकडे बघेना. भिंतीला सांगितल्यासारखं म्हणाला, "तुझो दादा उजाडापर्यंत होतो गो. माझ्याबरोबर बोलत होतो."
उजाडेपर्यंत होता.
ऑफिसात येऊन नावाच्या जागी नोंदणी नंबर घातला. एका ओळीचं काम. पान पुन्हा उघडलं, दोन ‘सातेरी प्रसाद’ एकाखाली एक. एक हिरवी, एक लाल.

२६ ऑक्टोबर, देवबाग
घरी सांगून टाकलं सगळं. जेसन वगैरे नाही सांगितलं. माझ्या चुकीने दोन होड्यांची एक झाली, एवढंच.
वयनी आत गेली, बाहेर आली नाही. आये बराच वेळ मासळीची टोपली उगाच धूत राहिली. मग म्हणाली, "एका नावाची होती ना गो? मगे तेचा नशीब माझ्या झिलाक, तुझ्या दादाक, कित्याक लागला नाय?"


६ नोव्हेंबर, ओरोस
सा. म्हणतात, दादाच्या होडीची स्थिती ‘बेपत्ता’ करायला हवी, कागद पुढे जात नाहीत. "तुम्हाला जमत नसेल तर मी करतो." नको म्हटलं, मीच करीन. दोनदा उघडलं, बंद केलं. राहू दे आजचा दिवस.
संध्याकाळी फोन. वयनी. त्या दिवसापासून पहिल्यांदा बोलली.
"तुझ्या पडद्यार काय दिसता?"
"लाल आसा, वयनी."
"म्हणजे समुद्रात."
"व्हय."
"ह्या खरा मा?"
"खरा."
"बरा. उद्या परत बघून सांग."