यंदा तुझं घर वगळून

प्रिय धाकट्या,

दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या भावाला पत्र लिहायची वेळ येईल असं मला कधी वाटलं नव्हतं. पण तू फोन उचलत नाहीस आणि दार वाजवलं की आतून टीव्हीचा आवाज मोठा होतो. मी काही बहिरी नाही, मला कळतं. म्हणून हा कागद दाराखालून सरकवतेय. घाबरू नकोस, उपदेश करायला बसलेली नाही. तुझा निरोप चर्चमध्ये पाळकांना पोचला. नाताळची गाणी म्हणत फिरणारी आपली मंडळी यंदा तुझ्या दारात येणार नाहीत. ज्या देवानं माझ्या लेकीला, चिमणीला, माझ्यापासून नेलं त्याची गाणी माझ्या उंबऱ्यावर नकोत, हे तुझे शब्द त्यांनी मला जसेच्या तसे सांगितले आणि मग बराच वेळ चष्मा पुसत उभे राहिले. तो चष्मा मीच बनवून दिलाय. त्याला इतकं पुसावं लागत नाही.

तू नाहीस तर गाण्यांचे काय हाल आहेत ते ऐक. तुझी जागा दातांच्या दवाखान्यातल्या नर्सला दिलीय. गिटार बरी वाजवते, पण वर बघतच नाही, त्यामुळे कुठे थांबायचं ते कुणालाच कळत नाही. खंजिरी अजून बेकरीवाल्या काकांकडेच. त्यांना ऐकू कमी येतं आणि उत्साह जास्त, हे तू जाणतोसच. त्यात पाळकांनी नवी टूम काढली. म्हणाले, दरवर्षी आपण आपल्याच माणसांच्या घरी जातो, ज्यांना सगळं तोंडपाठ आहे. मग येशूच्या जन्माची सुवार्ता सांगितली कुणाला? यंदा अनोळखी दारांत जायचं. मी तिथल्या तिथे हरकत घेतली. इतकी वर्षं चष्म्याच्या दुकानात बसल्यावर एवढं कळतं, की दुसऱ्याच्या नंबरची काच कुणाच्या डोळ्यांवर बळजबरीनं बसवता येत नाही. पाळक मनापासून हसले आणि वाटायच्या पत्रकांचा गठ्ठा माझ्याच हातात दिला.

तर गेल्या आठवड्यात एका संध्याकाळी आम्ही बसस्टॉपमागच्या नव्या इमारतीत शिरलो. पहिल्या मजल्यावर एकानं तोंडात टूथब्रश धरून सगळं गाणं ऐकलं. दुसऱ्यावर एका बाईंनी हात जोडून नको म्हटलं, तेही इतकं गोड की आम्हीच त्यांचे आभार मानले. तिसऱ्या मजल्यावर पोचलो तर एक दार अर्धं उघडं, आत दिवे लखलखीत आणि बाहेर चपलाबुटांचा हा एवढा ढीग. आता तूच सांग, आपल्यातल्या कुणालाही काय वाटेल? आपल्याकडे ज्या घरी गाणी असतात ते घर दार उघडं ठेवतं, दिवे लावतं, शेजारीपाजारी बोलावतं. तूच तर आम्हाला शिकवलंस, की दाराबाहेरच्या चपला बघायच्या. थोड्या असल्या तर संथ गाणं, ढीग असला तर जोरदार. पाळकांचा चेहरा फुलला. वाट बघताहेत बघा आपली, म्हणाले. आणि आम्ही सगळे मिळून, बाळ जन्मलं, आनंद करा, असं छप्पर उडेल इतक्या जोरात सुरू केलं.

दार पूर्ण उघडलं. आत भिंतीला टेकून माणसं ओळीनं बसली होती, कुणी कुणाशी बोलत नव्हतं. मध्ये एक खुर्ची रिकामी होती आणि तिच्या पाठीवर पुरुषाचा कोट घडी घालून ठेवलेला होता. एकेकाचा आवाज बंद पडत गेला, खंजिरी तेवढी वाजत राहिली, शेवटी मी काकांचा हात धरला. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं. त्यात दारात आलेल्या बाईंना मी ओळखलं. माझ्याच गिऱ्हाईक! एकच चष्मा इतक्यांदा परत आणला होता की दुकानात आम्ही त्यांचं नाव कुरकुरबाई ठेवलंय. त्यांचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याच आठवड्यात कामावर छातीत कळ येऊन गेला.

पाळक माफी मागायला लागले, तर बाईंनी हातानंच गप्प केलं. म्हणाल्या, थांबलात कशाला? तो गेल्यापासून या घरात सगळे कुजबुजताहेत, माझं डोकं उठलंय, म्हणा काहीतरी. मग आम्ही संथ गाणं म्हटलं, चिमणीच्या आवडीचं, गुरांच्या गोठ्यातल्या रात्रीचं. मला शेवटचं कडवं म्हणता आलं नाही. संपल्यावर बाईंनी तिथेच, सगळ्यांदेखत, पाळकांना विचारलं, तुमचा देव कधी रडला का हो? पाळक माझ्या हातातल्या पत्रकांकडे बघू लागले. मी पत्रकं बगलेत मारली आणि म्हटलं, हो, रडला. मित्र मेला होता, त्याच्या कबरीशी गेला आणि सगळ्यांसमोर रडला. तशा बाई म्हणाल्या, बसा, चहा टाकते.

धाकट्या, तुला राग येईल, पण सांगते. त्या क्षणी मला कुणाला आपल्यात आणायचं नव्हतं की कुणाचं मन वळवायचं नव्हतं. त्या बाईसारखंच मलाही तो प्रश्न रडून रडून विचारायचा होता. चिमणी माझीही होती. ती गेली त्या दिवसापासून मी दुकानात लोकांना अक्षरांचा तक्ता वाचायला लावते आणि मला स्वतःला खालच्या ओळी दिसत नाहीत, डोळे भरलेले असतात. तू एकटाच तिला रडतोयस असं समजू नकोस.

आता बाई रोज दुकान बंद करायच्या वेळी येतात. चष्मा ठीक आहे, तरी येतात. काउंटरवर कोपर टेकवून एकेक प्रश्न विचारतात, आणि माहीत असेल ते मी सांगते, नसेल तर नाही म्हणते. काल त्यांनी विचारलं, कबरीशी तो रडला, मग पुढे काय झालं? पुढचं तुला माहीत आहे. मित्राला हाक मारली आणि मेलेला मित्र कबरीतून जिवंत बाहेर आला. पण ताज्या दुःखातल्या बाईला हे कोणत्या तोंडानं सांगू? तिचा नवरा काही हाकेला ओ देणार नाही. चिमणीनंही दिली नाही. मी म्हटलं, ते माझा भाऊ सांगायचा. रविवारी मुलांना ती गोष्ट तोच शिकवायचा, आणि दर वेळी त्या जागी त्याचा स्वतःचाच आवाज कापायचा. मग त्यांनी तुझ्याबद्दल विचारलं आणि मी सगळं सांगितलं. ऐकून म्हणाल्या, मग मी त्यालाच विचारीन.

म्हणून हे पत्र. नाताळच्या आदल्या संध्याकाळी आम्ही कुणी येणार नाही, शब्द दिलाय तो पाळू. पण कुरकुरबाई येतील. एकट्या, गिटार नाही, गाणं नाही, पत्रक तर नाहीच. त्या आपल्यातल्या नाहीत, कदाचित कधी होणारही नाहीत. चहात साखर कमी आहे म्हणून नक्की कुरकुरतील. त्यांना समोर बसव. कबरीशी पुढे काय झालं ते तुझा विश्वास असेल तर विश्वासानं सांग, नसेल तर तोंडावर सांग की मला आता ते खरं वाटत नाही. त्यांना दोन्ही चालेल, मी विचारलंय. मला तेवढं सांगायचं धाडस झालं नाही, आणि या गावात ते सांगू शकेल असं दुसरं माणूस मला माहीत नाही. दार उघड रे, बाबा.

तुझ्यावर रागावलेली आणि तरीही तुझीच,
ताई