ताईने ऐकलेली चाळीस मिनिटं

३ मार्च

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद.

आनंदाची बातमी पत्रानेच द्यायची ही आईची शिस्त, म्हणून रविवारी फोनवर मुद्दाम काही बोलले नाही. व्यसनमुक्ती समुपदेशकाची परीक्षा मी पास झाले. नऊ महिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर कॉम्प्युटर मांडून, एक डोळा गॅसवरच्या दुधावर ठेवून शिकले. परीक्षक बाई कधी प्रत्यक्ष भेटल्या नाहीत. आधी दोनदा त्यांनी मला नापास केलं होतं. म्हणाल्या, तुम्ही पेशंटचं ऐकत नाही, उपदेश पाजता. तू हसशील, लहानपणापासून तूही हेच सांगत आलास. या खेपेला मात्र ऐकण्याला पाचपैकी पाच मिळाले.

तुला दारू सोडून चौदा महिने झाले, हे मी भेटेल त्याला सांगत सुटते. प्रेसमधलं कटिंग मशीन पुन्हा तुझ्या हाती दिलं, हे फार चांगलं झालं. बोटं तेवढी सांभाळ. छोटीला पापा. माया आहेच, ती वाढवत राहा.

तुझी,
ताई


२१ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझे चार फोन येऊन गेले. वाजताना बघत बसलो, उचलवले नाहीत.

आमच्या केंद्रात नवे समुपदेशक आलेत, तुझ्यासारखेच घरी बसून शिकलेले. मंगळवारी माझं ऐकता ऐकता ते थांबले आणि चष्मा पुसत बसले. मग म्हणाले की तुमचा आवाज मी आधी ऐकलाय, आणि हे तुमच्यापासून लपवणं मला बरं वाटत नाही. त्यांच्या वर्गाला एक रेकॉर्डिंग ऐकवलं होतं, पेशंटचं कसं ऐकावं याचा नमुना म्हणून. नावं कापलेली होती. एका ठिकाणी मात्र पेशंट ऐकणाऱ्या बाईंना ताई म्हणाला होता.

तुझ्या परीक्षेच्या आधी एका रविवारी फोनवर मी तुला छोटीचं सांगितलं. शाळा सुटल्यावर तिला आणायला जायचं सोडून मी पीत बसलो, आणि ती तीन तास दप्तर मांडीवर घेऊन फाटकाच्या पायरीवर बसून राहिली. बायकोला मी बस बंद पडल्याची थाप मारली होती. हे कुणालाच सांगितलं नव्हतं. चाळीस मिनिटांत तू एकदाही टोकलं नाहीस, माझेच शब्द हळूच मला परत देत होतीस. फोन ठेवल्यावर मी रडलो. वाटलं, ताईला पहिल्यांदा माझ्यासाठी वेळ झाला.

ते तेवीस जणांनी ऐकलं. पेशंटने सही केल्याशिवाय असं रेकॉर्डिंग घेत नाहीत म्हणे. माझी सही कुणी केली, एवढंच कळव.

पत्राच्या शेवटी काय लिहायचं असतं ते आज सुचत नाही.

तुझा भाऊ


२ डिसेंबर

चि. खारूस,
आशीर्वाद लिहायला हात धजत नाही, तरी लिहिते.

सही मी केली. तुझ्या जुन्या पत्रावरून गिरवली. आणि रेकॉर्डिंगचं बटण तुझा फोन लागायच्या आधीच दाबलं होतं, हेही सांगून टाकते. शेवटची संधी होती, खऱ्या पेशंटशी झालेलं बोलणं पाठवायचं होतं, आणि माझ्याकडे पेशंट कुठला? नावं कापली की झालं, अशी मनाची समजूत घातली. विचारलं असतं तर कदाचित तू हो म्हणाला असतास. नाही म्हणशील या भीतीने विचारलंच नाही.

काल परीक्षक बाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या की एवढं सगळं आम्ही लांबून तपासलं, पण पेशंट खरंच हो म्हणालाय का, हे त्याला कुणी विचारलंच नाही. प्रमाणपत्र परत मागवलंय, रेकॉर्डिंगही काढून टाकलंय. लोकांच्या कानांत गेलेलं मात्र परत येत नाही, हे कळतं मला.

एक खरं सांगते. सुरुवातीला मी गुणांसाठी गप्प होते. छोटी पायरीवर बसल्याचं तू सांगितलंस, तेव्हा परीक्षा विसरले होते. विश्वास ठेव म्हणायचा हक्क मला उरलेला नाही.

रागावून का होईना, लिहीत जा.

ताई


१९ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं.

बाहेरून कळण्याआधी आपणच बायकोला सांगावं असं ठरवलं. छोटी शाळेत गेल्यावर ओट्याशी उभं राहून सांगितलं. ती भांडी पुसत होती, पुसत राहिली. मग म्हणाली की तिला ठाऊक होतं. शाळेच्या रखवालदाराने दुसऱ्याच दिवशी सांगितलं होतं. दोन वर्षांवर झाली, मी आपणहून कधी सांगतो याची ती वाट बघत होती. मला बोलली नाही, आईला नाही, तुलाही नाही.

मी प्यालेलो नाही. त्या मंगळवारी केंद्रातून निघाल्यावर दुकानासमोर बराच वेळ उभा होतो. मग प्रेसवर गेलो आणि सुट्टी असूनही रद्दी कापत बसलो.

तू परीक्षा विसरली होतीस, हे खरं असेल. मला ते तपासून बघता येत नाही. पुन्हा शिकायचं असेल तर शीक, माणूस समोर बसवून, त्याला विचारून. चांगली होशील. त्या दिवशी तुझ्याशी बोलून मला खरंच हलकं वाटलं होतं, आणि तेच जास्त टोचतं.

आता रविवारी फोन करू नकोस. माझी खुशाली आई कळवत जाईल.

नमस्कार आहेच. लोभाचं पुढे बघू.

तुझा भाऊ