फाट्यावरचे बसंतीबाईंचे डोळे

१२ मे
आई एकदा म्हणाली होती, मैत्रेयी, तुले घरची शेळी वळवता येत नाही, माणसं काय वळवशील! तेव्हा मी सातवीत होते. आता कॉलेजात इतिहास शिकवते आणि सेमिनारला पेपर वाचणार आहे: युद्धकाळातली पोस्टर्स मन कशी वळवतात. आई हवी होती.

१९ मे
मुद्दे पक्के. पोस्टर 'लढायला या' म्हणत नाही. 'नाही गेलास तर घरचे काय म्हणतील?' एवढंच विचारतं. डोळे थेट आपल्याकडे, वाक्य छोटं. हलकट प्रकार. मुलांना सावध करायला हवं.

२ जून
प्राचार्य म्हणाले, बीएला पोरं आणा, नाहीतर तुमचा इतिहास बंद. झालं, दरवर्षीसारखे आम्ही सगळे प्राध्यापक गावोगाव, तांड्या-तांड्यावर. सायन्सवाले आधीच पेढे घेऊन पोचलेले. मी असलं काही करणार नाही. एक फ्लेक्स लावीन. माहितीपर.

५ जून
फुलसावंगीजवळच्या बंजारा तांड्यावर एका बाईंचा, बसंतीबाईंचा, फोटो काढला. दारात उभ्या, नजर सरळ कॅमेऱ्यात. काय डोळे! त्या म्हणाल्या, मीच काहून मॅडम, हिरोईन नाही भेटली काय? खूप हसलो. खाली ओळ माझी: 'आईला सोडून कुठे चाललीस? जवळच शिक.' हा प्रचार नाही. भावनिक माहिती.

१० जून
फ्लेक्स फाट्यावर, बस थांबते तिथेच. जागा मीच निवडली.

१८ जून
यश! एक मुलगी आपणहून आली. पायल. बारावीला उत्तम मार्क. स्टाफरूमला चहा पाजला. आई, शेळी वळली गं.

१९ जून
पायल बसंतीबाईंची मुलगी. यवतमाळला नर्सिंगला नंबर लागला होता तिचा. प्रवेश घ्यायला निघाली, फाट्यावर उभी राहिली, समोर फ्लेक्सवर आई. बस आली. बस गेली.
बसंतीबाई कॉलेजात आल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, मॅडम, म्या कवा म्हटलं तिले जाऊ नको? मले वाचता येत नाही. म्हटलं, कॉलेजचं काही चांगलंच लिहिलं असन.
पेपर पुन्हा वाचला. 'हलकट' तसाच आहे.

२० जून
फ्लेक्स उतरवला. नर्सिंगच्या प्रवेशाचा उद्या शेवटचा दिवस. पायलला समजावलं तर म्हणाली, पण मॅडम, आई तशी पाहून राह्यली होती ना.
उद्या पहिल्या बसआधी तांड्यावर जाणार. ती नाहीच म्हणेल. नाही म्हणाली तर माझा इतिहास बंद पडणार नाही, हेही मनात येऊन गेलं. स्वतःची लाज वाटते.
तरी विचारणार. पायल, जा ना गं.