दोनशे अठरा विषम जोड

माझ्या हातांनी झालेल्या वस्तू आधी लिहितो, म्हणजे मागाहून वाद नको. बुटांचे लाकडी साचे, नग चारशे छत्तीस, म्हणजे दोनशे अठरा माणसांचे डावे-उजवे पाय. ते ठेवायची अकरा फळ्यांची मांडणी, एकही खिळा न मारता जोडलेली. कामाचा बाक, माझ्या कंबरेच्या उंचीला बेतलेला. पायाचे माप घ्यायची चौकट, तिसऱ्या खेपेला जमलेली. दुकानाचे निळे दार, कडीसह. घरातले फडताळ, एक पलंग, एक पाळणा. शिवाय चार हजारांवर बुटांचे जोड झाले, पण ते लोकांच्या पायांत आहेत, त्यांवर माझा हक्क नाही.

मी, वय चौपन्न, धंदा विषम पायांचे बूट बनवणे, या रस्त्यावर लहानथोर ज्याला ‘मिलिमीटर मास्तर’ म्हणतात तो, डोके ताळ्यावर असताना आणि कोणी हात धरलेला नसताना हे लिहून ठेवतो. डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. दोन महिन्यांपूर्वी माझी छाती उघडून पुन्हा शिवली. टाके मी आरशात पाहिले, अंतर सारखे आहे, तक्रार नाही. मी घाबरून लिहितो आहे असे कोणी समजू नये. गेल्या कित्येक वर्षांत इतक्या आनंदाने मी काही लिहिलेले नाही, आणि त्याचे कारण कलम चारमध्ये येईल. वकीलबाई म्हणाल्या की मृत्युपत्रात कारणे लागत नाहीत. मला लागतात.

कलम १. घर. घर आणि वर मांडलेले सर्व काही स्वकष्टार्जित आहे. वडिलोपार्जित म्हणून मला दोनच गोष्टी मिळाल्या, एक छत्री आणि एक धाकटा भाऊ. छत्री हरवली. घर माझ्या पत्नीला तिच्या हयातीपर्यंत, तिच्यानंतर मुलीला. पत्नीचा हक्क पहिला, कारण धंदाच तिच्यामुळे सुरू झाला. एकोणिसाव्या वर्षी मी खोक्यांच्या कारखान्यात फळ्या ठोकत होतो आणि ती खोक्यांवर पत्त्यांच्या चिठ्ठ्या चिकटवत होती. लहानपणच्या दुखण्याने तिचा डावा पाय चौदा मिलिमीटरने आखूड राहिला, आणि त्या बुटात ती कापूस कोंबून चालायची. मला लाकूड कळत होते, पाय कळत नव्हता. निम्मी पाने गेलेले एक पुस्तक वाचनालयातून आणले आणि उरलेल्या निम्म्यावर शिकलो. पहिला जोड तिला आवळला, दुसरा सैल झाला. तिसऱ्यांदा मी पट्टी घेऊन खाली बसलो तेव्हा ती म्हणाली, “किती वेळा माप घेणार? लग्नाचं विचारायचं असेल तर सरळ विचारा.” मी सरळ विचारले. जोड मात्र चौथ्या वेळी जमला.

कलम २. बचत. बँकेतील सर्व ठेव पत्नीला. हे तिला वाचून दाखवले तेव्हा तिने मेल्यावरचे नंतर लिहा, आधी न्हाणीघरातला गळका नळ बघा, असे सुचवले. नळ दुरुस्त केला आहे, नोंद असावी.

कलम ३. किरकोळ. बाकाला बसवलेली लोखंडी पकड समोरच्या घड्याळजींना. खरे तर ते साक्षीदार व्हायचे होते. पण ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार राहू नये असे वकीलबाईंनी सांगताच घड्याळजींनी तीस वर्षांच्या मैत्रीकडे एकदा पाहिले, पकडीकडे एकदा पाहिले, आणि पकड निवडली. माणूस प्रामाणिक आहे.

साच्यांचा जोड क्रमांक ७७ मोठ्या रस्त्यावरच्या बूटवाल्या शेठचा आहे. मी नवीन असताना त्यांनी चार गिऱ्हाइकांदेखत मला ऐकवले होते की सुताराने लाकूड तासावे, पायाला हात लावू नये. नऊ वर्षांनी त्यांचा घोटा मोडून वाकडा सांधला, तेव्हा स्वतःच्या दुकानातला एकही बूट त्यांना चढेना. ते आले. मी पट्टी घेऊन खाली बसलो. माप दोनदा घेतले, एवढेच. हा जोड त्यांनी मागितल्यास फुकट द्यावा, मात्र मागायला त्यांनी स्वतः यावे, नोकर धाडू नये.

कलम ४. मी दवाखान्यात एकोणीस दिवस होतो. तेवढ्यात धाकट्या भावाने मायेपोटी दुकान उघडून साफसफाई केली. साफसफाईवर माझा आक्षेप नाही. पण माझ्या मांडणीवर डावा एका मापाचा आणि उजवा दुसऱ्या मापाचा असे साचे शेजारी शेजारी असतात, कारण ते एकाच माणसाचे असतात. भावाला तो गबाळेपणा वाटला. त्याने चारशे छत्तीस साचे खाली काढले, मापाला माप जुळवून सारखे सारखे जोड लावले, आणि शोभा यावी म्हणून प्रत्येक साचा काचकागदाने घासून तेल पाजले. टाचेवरचे क्रमांक पेन्सिलीने लिहिलेले होते, ते घासून गेले. पेन्सिल वापरणे ही माझी चूक, ती मी इथे कबूल करतो. घरी आल्यावर तो मला हाताला धरून दुकानात घेऊन गेला आणि म्हणाला, “दादा, तीस वर्षांत तुला जमलं नाही ते मी चार दिवसांत केलं. आता एकही जोड वेडावाकडा नाही.” मी बाकावर बसलो. टाके ताजे होते म्हणून ओरडलो नाही.

दोनशे अठरा माणसे, आणि कुणाचा पाय कुठे आहे ते मलाही सांगता येईना. दुकान संपले असे मी मनाशी धरले.

माझी मुलगी, वय सत्तावीस, एका गोदामात मालाच्या नोंदी ठेवते. शाळा संपल्यावर तिने दुकानात यायचे म्हटले होते. पटाशीला मनगट लागते असे सांगून मी तिला परत पाठवले होते. तिने काही न विचारता महिनाभराची रजा टाकली आणि माझी मापवही उघडली. कॅलिपर लावून एकशे सत्तावन्न जोड तिने वहीवरून जुळवले. एकसष्ट जुळेनात. त्या एकसष्ट जणांना तिने बोलावून घेतले आणि पाय नव्याने मापले. मग एका दुपारी वही घेऊन माझ्यासमोर बसली. म्हणाली, “बाबा, रागावू नका. जे जुळले नाहीत त्या सगळ्यांची मापं तुम्ही सकाळी घेतलीत. दिवसभर चालून पाय फुगतो. तुमचे सकाळचे आकडे तीन-चार मिलिमीटरनं कमीच आहेत.”

मी चिडलो. वही हिसकावून घेतली. तारखेपुढे वेळ लिहायची माझी सवय आहे, ती पाहिली. एकसष्टच्या एकसष्ट सकाळचे. आकडा आधी कमी लिहिलेला, मग बूट आवळतो म्हणून गिऱ्हाईक परत आलेले, मग साच्यावर चामड्याची चकती डकवून मी तो वाढवलेला. आणि एकतीस वर्षे मी लोकांना सांगत होतो की लाकूड सुकून आटते. लाकडाची मी जाहीर माफी मागतो. त्या दिवशी मी सगळ्या रस्त्याला हे सांगत सुटलो. घड्याळजींना दोनदा सांगितले. आपल्याच कामात एवढे मोठे काही कळायचे राहिले होते आणि ते आपल्याच घरात कळले, याचा आनंद छातीवरच्या टाक्यांना सोसला, याबद्दल डॉक्टरांचे आभार.

कलम ५. म्हणून कलम ३ मधले दोन अपवाद सोडून दुकान, जागा, मांडणी, बाक, सर्व अवजारे, मापवही, सर्व साचे आणि ‘मिलिमीटर’ हे नाव एकट्या मुलीला. कोणताही वाटा कोणालाही नाही. क्रमांक आता डाग देऊन उमटवले आहेत, डाग तिने दिले, मनगट उत्तम आहे. साच्यांचे जोड फोडू नयेत. माणूस वारला तर त्याचे दोन्ही साचे त्याच्या घरच्यांना एकत्र द्यावेत. मापे दुपारी चारनंतर घ्यावीत, हे कलम माझ्यावरही आजपासून लागू आहे. पत्नीला दरवर्षी एक नवा जोड.

कलम ६. धाकटा भाऊ म्हणतो की दुकान दोघांचे. ते तसे नाही, आणि का नाही ते या कागदाच्या पहिल्या ओळीपासून लिहिले आहे. त्याला मी शिकत असताना केलेले, न विकलेले बुटांचे बारा जोड देतो. ते डावे-उजवे तंतोतंत सारखे आहेत, त्याला आवडतील. शिवाय आयुष्यभर बूट फुकट. त्याचा डावा पाय उजव्याहून सहा मिलिमीटर मोठा आहे, हे मी त्याच्या चालीवरून पंधरा वर्षे ओळखून आहे. पाय सारखे असल्याचे त्याचे ठाम मत आहे. मत बदलल्यावर त्याने पुतणीकडे यावे. ती काकाला उभे ठेवणार नाही.

वकीलबाईंनी कलम ३ मधील दोन आणि कलम ६ मधील चार वाक्ये काढायला सांगितली. काढलेली नाहीत.

सर्व कागद वाचून, साक्षीदारांदेखत सही केली. त्यांनी माझ्यादेखत केली.

साक्षीदार १ : कन्याशाळेच्या निवृत्त बाई, जोड क्रमांक १२. चष्मा लावून पूर्ण वाचले, दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारले.
साक्षीदार २ : बस चालक, जोड क्रमांक १४०. गाडी थांब्यावर उभी असल्याने उभ्याने सही.
लिहून ठेवणार : मिलिमीटर मास्तर
स्थळ : दुकान. दिनांक : १४ मार्च २०१८, बुधवार, सायंकाळी चार वाजून वीस मिनिटे.

सहीखाली जोडलेले, त्याच साक्षीदारांपुढे. नाकारलेली रक्कम मृत्युपत्रात लिहायची रीत नाही, असे वकीलबाई म्हणतात. मी ती लिहितो, म्हणजे माझ्यामागे कोणी माझ्या मुलीला ‘बापाने लाकडाचा ढीग ठेवला’ असे म्हणून स्वस्तात गुंडाळू नये.

परवा सोमवारी भावाच्या ओळखीने एका बूट कंपनीचे दोन गृहस्थ आले. त्यांना साचे, वही आणि नाव हवे होते. अट अशी की मी किंवा माझ्या वारसाने दहा वर्षे हा धंदा करू नये. मुलगी एका गिऱ्हाइकाच्या बुटाची नाडी बांधत होती. तिने मान वर न करता विचारले, “मग या दोनशे अठरा जणांना बूट कोण देणार?” थोरले गृहस्थ म्हणाले की प्रत्येकाला जवळचा नंबर देऊ. तिने माझ्याकडे पाहिले. मी नाही म्हणालो. त्यांनी आकडा वाढवला. मी पुन्हा नाही म्हणालो, आणि दार उघडून धरले.

बापाने मुलीला किती ठेवले असे कोणी विचारले, तर दुसऱ्यांदा नाकारलेला आकडा सांगावा. एकेचाळीस लाख साठ हजार फक्त.